आकडा कोणी ठरवला?

(एका स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे विमान ३ जुलै १९८८ रोजी सकाळी बंदर अब्बासहून दुबईला निघाले. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. होर्मुझच्या सामुद्रधुनीत त्या वेळी अमेरिकी नौदलाची ‘व्हिन्सेन्स’ ही क्रूझर इराणी गस्ती नौकांशी झुंजत होती. तिच्यावर ‘एजिस’ बसवलेली होती. त्या काळातली सर्वांत पुढारलेली संगणकीकृत युद्धप्रणाली. विमान उडाल्यापासून सात मिनिटांत ‘व्हिन्सेन्स’ने त्यावर दोन क्षेपणास्त्रे सोडली. २९० माणसे मेली. त्यांत ६६ मुले होती आणि १० भारतीय होते.

चौकशीत जे निघाले ते चक्रावून टाकणारे होते. एजिसच्या नोंदीत विमान संथपणे वर चढत होते आणि नागरी विमानाचा संकेतही देत होते. यंत्राने बरोबर पाहिले होते. युद्धकक्षातल्या माणसांना मात्र ते अंगावर झेपावणारे एफ-१४ लढाऊ विमान वाटले. संगणकाने या विमानाला दिलेला क्रमांक मधल्या मिनिटांत बदलला आणि जुना क्रमांक दूरवर खाली उतरणाऱ्या भलत्याच विमानाला मिळाला, असे स्पष्टीकरण नंतरच्या विश्लेषणांत पुढे आले. विचारणा जुन्या क्रमांकाची झाली आणि विमान उतरत असल्याचे उत्तर मिळाले. जवळच असलेल्या ‘साइड्स’ या फ्रिगेटच्या कप्तानाला हेच विमान धोक्याचे वाटले नव्हते. खटला कोणावरच झाला नाही. इराण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९९६ मध्ये अमेरिकेने इराणी मृतांच्या वारसांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, कायदेशीर जबाबदारी मात्र कबूल केली नाही. ‘व्हिन्सेन्स’च्या कप्तानाला १९९० मध्ये पदक मिळाले.

यंत्र निर्दय आणि माणूस सदय, अशी सोपी वाटणी करून लष्करी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विषयात शिरणाऱ्याची पहिल्याच पायरीवर फसगत होते ती अशी. या प्रसंगात यंत्र बरोबर होते आणि माणूसही निर्णयाच्या जागी हजर होता. तरीही विमान पडले, कारण त्या दोघांच्या मधली जागा कोणाच्याच ताब्यात नव्हती. गेल्या दहा वर्षांत ती जागा वाढली आहे, आणि कायद्याचा हात तिथे अजून पोचलेला नाही.

युद्धातली कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो चित्रपटातला, स्वतःच्या मर्जीने गोळ्या झाडत सुटलेला यंत्रमानव. तसे शस्त्र अगदीच काल्पनिक नाही. लिबियातल्या २०२० च्या लढाईत तुर्की बनावटीच्या ‘कार्गू-२’सारख्या ड्रोननी माघार घेणाऱ्या सैनिकांचा पाठलाग केल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२१ च्या अहवालात नोंदवले आहे. माणसाच्या आज्ञेविना त्यांनी कोणाला मारले का, हे त्या अहवालावरून सिद्ध होत नाही. पण आज ज्या यंत्रणांवरून सर्वाधिक वाद आहेत त्या गोळी झाडतच नाहीत. त्या यादी करतात.

अमेरिकी संरक्षण खात्याने एप्रिल २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट मेव्हन’ सुरू केला, तो ड्रोननी टिपलेल्या चित्रीकरणाचे ढीग माणसांना पाहून संपेनात म्हणून. चित्रातली गाडी कोणती, इमारत कोणती, माणूस कोणता, हे यंत्राने ओळखून दाखवायचे. गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी २०१८ मध्ये विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या, कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही, आणि काम दुसऱ्या कंपन्यांकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने इराक आणि सीरियात ८५ हून अधिक लक्ष्यांवर हल्ले केले. ती शोधायला या तंत्राची मदत झाली, असे लष्कराच्याच अधिकाऱ्याने सांगितले. शेवटचा निर्णय माणसाचाच असतो, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती आता जवळपास प्रत्येक देशाचा प्रवक्ता जोडतो. या व्याख्यानाचा सगळा रोख तिच्यावरच आहे.

आता थोडे गणित. स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांतून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा ‘स्कायनेट’ नावाचा कार्यक्रम २०१५ मध्ये बाहेर आला. (संहाराला निघालेल्या यंत्राचे हे चित्रपटातले नाव आपल्या कार्यक्रमाला द्यावेसे वाटणाऱ्यांच्या विनोदबुद्धीबद्दल काय बोलावे!) पाकिस्तानातल्या साडेपाच कोटी मोबाइलच्या नोंदी चाळून अल कायदाचे निरोपे शोधायचे, हा त्याचा उद्देश. कोण कुठे प्रवास करतो, कधी फोन बंद ठेवतो, सिमकार्ड किती वेळा बदलतो, यावरून प्रत्येकाला गुण. कागदपत्रांतल्या सादरीकरणात सर्वांत वरच्या गुणांचा माणूस म्हणून दाखवलेला होता अहमद झैदान, अल जझीरा वाहिनीचा इस्लामाबादमधला ब्यूरो प्रमुख. जहाल नेत्यांना गाठून मुलाखती घेणे हे त्याचे काम. त्यामुळे त्याची भ्रमंती निरोप्यासारखीच दिसणार. यंत्राने नमुना अचूक पकडला होता. माणूस तेवढा चुकला.

त्याच कागदपत्रांत, खऱ्या निरोप्यांपैकी निम्मे निसटले तरी चालेल अशी सूट घेऊन, निरपराध माणूस चुकून पकडला जाण्याचे प्रमाण ०.१८ टक्के दिले होते. ऐकायला किती किरकोळ! साडेपाच कोटींचे ०.१८ टक्के म्हणजे ९९,००० माणसे. सुधारलेल्या पद्धतीत हे प्रमाण ०.००८ टक्क्यांवर आणल्याचे लिहिले होते. तरी ४,४०० उरतातच. खरे निरोपे मुळात मूठभर असतील तर यादीतली बहुतेक नावे चुकीचीच निघणार. या गुणांवरून थेट कोणावर क्षेपणास्त्र सुटल्याचा पुरावा समोर आलेला नाही. पण प्रचंड लोकसंख्येत विरळा माणूस शोधणाऱ्या कोणत्याही यंत्राला हे गणित चुकत नाही, मग ते कितीही अचूक असो.

गुण किती झाले म्हणजे नाव यादीत घ्यायचे? हा आकडा यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. रणभूमीपासून लांब, वातानुकूलित खोलीत, बहुधा एखाद्या बैठकीत.

गाझाच्या युद्धात हा प्रश्न उघड्यावर आला. ‘+९७२’ हे नियतकालिक आणि ‘लोकल कॉल’ हे हिब्रू संकेतस्थळ यांनी एप्रिल २०२४ मध्ये युवाल अब्राहम या इस्रायली पत्रकाराचा वृत्तान्त छापला. त्याचा आधार सहा इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांची नाव न सांगता दिलेली माहिती. त्यांच्या म्हणण्यानुसार ‘लॅव्हेंडर’ नावाची यंत्रणा गाझातल्या जवळपास प्रत्येक रहिवाशाला १ ते १०० पैकी गुण देई. युद्धाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तिने ३७,००० पर्यंत माणसे संशयित हस्तक म्हणून दाखवली. नमुन्यादाखल काही नावे तपासून ती सुमारे ९० टक्के अचूक असल्याचे ठरवले गेले आणि मग यादी वापरायला मोकळीक मिळाली. त्यानंतर एका नावावर अधिकारी साधारण २० सेकंद देत. मुख्यतः लक्ष्य पुरुष आहे ना, एवढेच पाहिले जाई. कनिष्ठ हस्तकामागे १५ ते २० नागरिक मेले तरी चालतील, अशी मुभा होती. यादीतला माणूस घरी परतला की सूचना देणारी दुसरी यंत्रणा होती. ‘बाबा कुठे आहेत’ अशा अर्थाचे तिचे नाव.

इस्रायली सैन्याने हे नाकारले. लॅव्हेंडर म्हणजे निरनिराळ्या स्रोतांतली माहिती ताडून पाहण्यासाठीचा निव्वळ माहितीसंच आहे, ती मारायच्या माणसांची यादी नव्हे, आणि प्रत्येक लक्ष्य विश्लेषक स्वतंत्रपणे तपासतात, असे सैन्याचे म्हणणे. तिथे नेमके काय घडले याचा निवाडा या व्यासपीठावरून होणार नाही. मात्र सैन्याचे निवृत्त प्रमुख अविव कोखावी यांनी युद्धापूर्वीच, २०२३ च्या मध्यावर दिलेल्या मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट कोणी नाकारलेली नाही. पूर्वी गाझात वर्षाला ५० लक्ष्ये तयार होत; २०२१ च्या मोहिमेत यंत्र दिवसाला १०० देऊ लागले. लक्ष्ये वर्षाला ५० असतात तेव्हा एकेक तपासायला आठवडा मिळतो. दिवसाला १०० आली की तपासणाऱ्याची अवस्था कचेरी सुटायच्या वेळी समोर सह्यांचा गठ्ठा आलेल्या साहेबासारखी होते. सही त्याचीच असते, पण निर्णय गठ्ठा बांधणाऱ्याने आधीच केलेला असतो.

आणि ही इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाची कसोटी. ठरवून केलेल्या हत्यांविषयीच्या डिसेंबर २००६ च्या निकालात अहरोन बराक यांनी लिहिले की, नागरिकाने युद्धात थेट भाग घेतला या कारणाने त्याला लक्ष्य करायचे तर त्याची ओळख आणि त्याची कृत्ये यांविषयी पक्की, पडताळलेली माहिती हवी. ती असल्याचे दाखवण्याचा भार हल्ला करणाऱ्या सैन्यावर, आणि हल्ल्यानंतर स्वतंत्र चौकशी हवी. वीस सेकंदांची गोष्ट खरी असेल तर ती जिनिव्हाच्या आधी जेरुसलेमच्या कायद्यात अडकते.

जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल तीन गोष्टी मागतो: लढणारा आणि नागरिक यांत भेद करा, नागरी हानी लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी होऊ देऊ नका, आणि लक्ष्य खरेच लष्करी आहे याची शक्य तितकी खात्री करून घ्या. अमेरिका, इस्रायल आणि भारत यांपैकी कोणीही या प्रोटोकॉलला बांधलेले नाही. पण ही तत्त्वे रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग असल्याने ती सर्वांना लागू आहेत. प्रोटोकॉलच्या पन्नासाव्या कलमात एक साधे वाक्य आहे. माणूस नागरिक आहे की नाही याविषयी शंका असेल, तर तो नागरिक समजावा.

इथे यंत्र आणि कायदा यांची खरी टक्कर होते. कायद्यातली शंका या एका, समोरच्या माणसाविषयीची असते. यंत्राची ९० टक्के अचूकता हा यादीचा गुण आहे; यादीतल्या अमुक माणसाविषयी ती काहीच सांगत नाही. ३७,००० नावे आणि १० टक्के चूक हे दोन्ही आकडे ढोबळमानाने खरे धरले, तर ३,७०० माणसे चुकीची ठरतात. ती कोण, हे कळायला यंत्राच्या बाहेर जाऊन प्रत्येकाची तपासणी करावी लागते. म्हणजे जो वेळ वाचवायला यंत्र आणले तोच खर्चावा लागतो. तो खर्चायचा नसेल तर शंका नाहीशी होत नाही. ती आकड्यात गुंडाळली जाते, आणि आकड्यापुढे माणसाला शंका घेणे जड जाते.

नागरी हानीच्या मुभेचेही तेच. आधी ठरवलेली संख्या ही काही इस्रायलची एकट्याची कल्पना नव्हे. २००३ च्या इराक मोहिमेत ३० हून अधिक नागरिक मरण्याचा अंदाज असेल तर हल्ल्याला अमेरिकी संरक्षणमंत्र्यांची मंजुरी लागत असे. पण तिथे आकडा प्रश्न वरच्याकडे नेण्यासाठी होता. तोच आकडा ‘एवढ्यापर्यंत विचारायचे नाही’ असा वाचला जाऊ लागला, की प्रत्येक हल्ल्यात लाभ आणि हानी नव्याने तोलण्याची कायद्याची अट कागदावर उरते.

यंत्राच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते टाळणे अप्रामाणिक होईल. अफगाणिस्तानात कुंदुझ येथे ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकी एसी-१३० विमानाने ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चे रुग्णालय झोडपले, ४२ माणसे मेली. रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश संस्थेने आधीच कळवलेले होते. हल्ला करू नये अशा ठिकाणांच्या यादीत ते होतेही. विमानात ती यादी नव्हती. हल्ल्यासाठी दिलेले निर्देशांक टाकले तर मोकळे शेत दिसू लागले, म्हणून वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत निवडली गेली. हे रुग्णालय आहे, थांबा, अशी धोक्याची सूचना देणारी साधी संगणक आज्ञावली तिथे असती तर कदाचित ती माणसे वाचली असती. यंत्र थकत नाही, चिडत नाही, काल मेलेल्या मित्राचा सूड घेत नाही. लक्ष्य शोधण्यासाठी जेवढा पैसा ओतला जातो, त्याचा छोटा वाटा लक्ष्य रद्द करणाऱ्या यंत्रणांवर का खर्च होत नाही, हा प्रश्न सेनाधिकाऱ्यांपेक्षा खरेदी करणाऱ्यांना विचारण्यासारखा आहे.

माणूस हजर असला म्हणजे भागते, हा समज काबूलमध्येही खोटा ठरला. २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा गाडीचा कित्येक तास माग काढून तिच्यावर क्षेपणास्त्र डागले. विमानतळावर आत्मघाती स्फोट होऊन तीनच दिवस झाले होते. पुढचा हल्लेखोर कोणत्याही क्षणी येईल अशा धास्तीत सगळे होते. गाडीत भरलेले पाण्याचे कॅन त्यांना स्फोटके वाटली. गाडी एका मदतसंस्थेच्या कर्मचाऱ्याची निघाली. १० नागरिक मेले, त्यांत ७ मुले. वृत्तपत्रांनी चित्रीकरण आणि साक्षी जुळवल्यानंतर १७ सप्टेंबरला चूक मान्य झाली. चौकशीत कायद्याचा भंग आढळला नाही आणि कोणावर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. जे दिसेल अशी अपेक्षा होती तेच दिसले, असा चौकशीचा सूर होता. आता त्या धास्तीतल्या माणसाच्या पडद्यावर गाडीभोवती लाल चौकट आणि शेजारी ९१ टक्के असा आकडा ठेवून पाहा. त्याचा संशय बळावेल की ढळेल?

जबाबदारीच्या प्रश्नावर कायद्याचे पंडित बरीच वर्षे डोके खाजवत आहेत. ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक रॉबर्ट स्पॅरो यांनी २००७ मध्येच दाखवून दिले की स्वयंचलित शस्त्राच्या अपराधाचे माप कोणाच्याच पदरात धड टाकता येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीच्या तिसाव्या कलमाला हेतू आणि जाणीव लागते. यादीवर विश्वास ठेवून सही करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचा हेतू नागरिक मारण्याचा नव्हता. त्याच्या सेनापतीला त्या विशिष्ट चुकीची कल्पना नव्हती. आज्ञावली लिहिणारी मुलगी दुसऱ्या देशात बसलेली, तिला युद्धच माहीत नाही. कंपनीच्या करारात वापराची जबाबदारी ग्राहकावर टाकलेली. सगळ्यांचे हात स्वच्छ, आणि मधे पडलेले घर.

हे कोडे सुटत नाही, कारण ते चुकीच्या क्षणापाशी सोडवायला घेतले जाते. सगळे चाप ओढला त्या क्षणाकडे पाहतात. निर्णय तिथून उठून आधीच मागे गेलेला आहे. गुणांचा आकडा किती ठेवायचा, किती नावे तपासून यंत्राला पास करायचे, एका नावाला किती सेकंद द्यायचे, किती नागरिकांपर्यंत वर विचारायचे नाही, हे सगळे माणसांनी शांतपणे, विचार करून ठरवलेले असते. धुराळ्यात, घाईत, भीतीत घेतलेल्या निर्णयाला कायदा सूट देतो आणि ती योग्यच आहे. बैठकीत घेतलेल्या निर्णयाला तशी सूट कशाला? ‘नव्वद टक्के पुरे’ असे म्हणणाऱ्याला दहा टक्क्यांची जाणीव नव्हती, हा बचाव चालू शकत नाही. ती जाणीव त्याने स्वतःच लिहून ठेवलेली असते. हे निर्णय लेखी हवेत, त्यांवर नाव आणि हुद्दा हवा, आणि चौकशी होईपर्यंत ते नष्ट करता येऊ नयेत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या ३०००.०९ क्रमांकाच्या निर्देशात, जो २०१२ चा असून २०२३ मध्ये सुधारला गेला, बळाच्या वापरावर माणसाच्या निर्णयशक्तीची ‘योग्य पातळी’ हवी असे म्हटले आहे. योग्य म्हणजे किती सेकंद, याविषयी निर्देश मौन पाळतो.

भारत या चर्चेत प्रेक्षक नाही. स्वयंचलित घातक शस्त्रांवर विचार करणाऱ्या जिनिव्हातल्या सरकारी तज्ज्ञगटाचे पहिले अध्यक्ष भारतीय राजनैतिक अधिकारी अमनदीप सिंग गिल होते. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांविषयीचा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला तेव्हा विरोधातल्या चार देशांत भारत होता; इतर तीन बेलारूस, माली आणि रशिया. पुढच्या वर्षीच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. चर्चा जिनिव्हातच व्हावी, समांतर मंच नकोत, ही भारताची अधिकृत भूमिका आहे. आधी सगळे मिळवून बसलेल्या देशांनी मग इतरांसाठी दार लावण्याचा अनुभव अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने भारताला दिलेला आहे. तेव्हा या सावधपणाला इतिहास आहे. पण जिनिव्हात सगळे एकमतानेच चालते, म्हणजे एका देशाची नाराजीही गाडी अडवायला पुरते, हेही दिल्लीला चांगले ठाऊक आहे.

दरम्यान शस्त्रे येतच आहेत. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजच्या कंपनीने बनवलेले ‘नागास्त्र-१’ हे आत्मघाती ड्रोन सैन्याने ४८० च्या संख्येने मागवले. जून २०२४ मध्ये पहिली १२० मिळाली. माणसाच्या नियंत्रणाखाली त्याचा पल्ला सुमारे १५ किलोमीटर, स्वयंचलित पद्धतीने त्याच्या दुप्पट. लक्ष्य सापडले नाही किंवा मोहीम रद्द झाली तर त्याला परत बोलावता येते आणि ते पॅराशूटने उतरते. लक्ष्य बदलण्याची, थांबण्याची सोय शस्त्रातच ठेवणे ही अभियंत्यांनी केलेली मोलाची गोष्ट आहे. परत बोलावण्याचा अधिकार कोणत्या हुद्द्याला आणि कोणत्या कारणांसाठी, हे मात्र अभियंते ठरवत नाहीत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मूल्यमापनाची चौकट जाहीर केली. तिची पाच तत्त्वे म्हणजे भरवसा, सुरक्षितता, पारदर्शकता, निःपक्षपात आणि खासगीपणा. यंत्र नीट चालते का, हे त्यांवरून कळेल. नीट चालणाऱ्या यंत्राने दिलेल्या नावाचे काय करायचे, हा प्रश्न युद्धकायद्याचा आहे आणि त्याचे उत्तर या पाचांत शोधून सापडायचे नाही. नवे शस्त्र दाखल करण्यापूर्वी ते कायद्यात बसते का हे तपासण्याचे बंधन १९७७ च्या प्रोटोकॉलच्या छत्तिसाव्या कलमात आहे. भारत त्याचा पक्ष नसल्याने ते कलम त्याच्यावर थेट लागू होत नाही. स्वतःहून तशी तपासणी करायला आणि तिची पद्धत प्रसिद्ध करायला मात्र कोणाची आडकाठी नाही. प्रोटोकॉलपासून दूर राहिलेली अमेरिकाही शस्त्रांची कायदेशीर तपासणी करते. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला संरक्षण मंत्रालयाकडे लेखी विचारता येईल अशी ही बाब आहे: तपासणी कोण करते, तिच्यात सेनादलांचे विधी अधिकारी कोणत्या टप्प्याला येतात, आणि यंत्राने सुचवलेले लक्ष्य नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद कुठे ठेवली जाते.